हातमोज्यांची ओळ

शासनाच्या एका तांत्रिक सल्लागार समितीवर माझी नेमणूक झाली ती नव्वदच्या दशकाच्या शेवटी. मी नाशिकला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो. पत्रात लिहिलं होतं, 'अशासकीय सदस्य'. म्हणजे कुणाचाही मिंधा नसलेला माणूस, असं मी बायकोला ऐटीत समजावलं. ती म्हणाली, म्हणजे चहा प्यायचा आणि मान डोलवायची. मला राग आला. तिचं खरं निघणार असलं की मला आधीच राग येतो.

समितीचं काम द्राक्षांवरच्या औषधांचं पत्रक ठरवायचं. कुठलं औषध, किती पाण्यात, कधी. ऑक्टोबरात छाटणी झाली की काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब, एकसारखे फुटावेत म्हणून एक औषध लावतात. बायका त्यात फडकं बुडवून एकेक डोळा पुसत जातात, उघड्या हातांनी. ते कातडी जाळतं, हे सांगायला प्राध्यापक कशाला हवा? मी एकच ओळ सुचवली: रबरी हातमोज्यांशिवाय हे औषध लावू नये.

अध्यक्ष म्हणाले, आपण औषधाचं प्रमाण ठरवतो, हातात काय घालायचं ते नाही. मग विंचूरकडचे एक बागायतदार सदस्य म्हणाले की मोजे घातले की बोटांना डोळा कळत नाही, निम्मे मोडतात. सरांनी एकदा स्वतः लावून बघावं. सगळे हसले. मीही हसलो. बागेतलं मला ओ की ठो कळत नाही, याची लाज वाटली असणार. त्या हसण्याचा मला अजून संताप येतो.

हजेरीच्या कागदावर सही आत शिरतानाच घेत. इतिवृत्त महिन्याभराने टपालाने यायचं आणि खाली ठरलेलं वाक्य असायचं: आठ दिवसांत हरकत न आल्यास मान्य समजण्यात येईल. या वेळी पत्रक 'सर्वानुमते' मंजूर झालं होतं. माझी ओळ कुठेच नव्हती, मी ती सुचवल्याचंही नव्हतं. मी हरकत लिहायला बसलो. पहिल्या मसुद्यात नुसत्या शिव्याच उरल्या. दुसरा इतका नम्र झाला की हरकत कशाला आहे तेच कळेना. मग पेपर तपासायचे होते. रोज घरात येरझाऱ्या घालायचो. बायको म्हणाली, टपालपेटी कोपऱ्यावर आहे, इथे चालून काय होणार? आठ दिवस गेले.

पुढच्या ऑक्टोबरात दिंडोरीला मेहुण्याच्या बागेत गेलो. जेवणाची सुट्टी होती. माझ्या थोरल्या बहिणीच्या वयाची एक मजूर बाई चमच्याने भात खात होती. बोटांची सालटं निघालेली, मधे लाल चिरा. भाकरी मोडवत नाही म्हणाली, कालवणाला बोट लागलं की आग होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेहुण्यावर ओरडलो, मोजे कुठे आहेत?

तो शांतपणे म्हणाला, "दाजी, सरकारी कागदाबरहुकूम करतो सगळं." आणि खिशातून पत्रक काढून माझ्या हातात दिलं.

बाई हात पुसत जवळ आली. "काय लिवलंय, वाचा ना भाऊ."

मी वाचलं. पाण्याचं माप, छाटणीनंतरचा दिवस, ऊन किती असावं. तिने सगळं लक्ष देऊन ऐकलं.

"हाताचं काय लिवलं हाय?"

"काही नाही."

"मग औषधाचं नसंल ते," ती म्हणाली. "माझ्याच अंगात उष्णता लय." आणि फडकं उचलून ती वेलीकडे गेली.

पत्रकाच्या तळाशी समितीच्या सदस्यांची नावं होती, चौथं माझं. तिथवर मी तिला वाचून दाखवलंच नव्हतं.