नाव ड्रॉवरमध्ये राहिलं

"तुमच्या दुकानातून एका परदेशी माणसाला औषधं दिलीत का?"

फोनवर डॉक्टर मॅडम होत्या. माझ्या दुकानापासून पाच मिनिटांवर त्यांचं छोटं हॉस्पिटल आहे. बुधवारचे सकाळचे साडेअकरा वाजले होते.

"दिली. सोमवारी संध्याकाळी. युसूफ नाव त्याचं."

"तो आत्ता माझ्यासमोर पडलाय. घामानं भिजलाय, कोणाला ओळखत नाही. आणला तेव्हा साखर एक्केचाळीस होती. ग्लुकोज दिलं, एकशे तीसवर गेली. आता पुन्हा अठ्ठावन्न. खिशात दोन स्ट्रिप सापडल्या. एकीत दोन गोळ्या उरल्यात, एकीत चार. नाव एकीवरही नाही. साखरेची कोणती?"

"दोन्ही पांढऱ्या, गोल, मधे रेघ?"

"हो."

"मग फोनवर सांगता येणार नाही, मॅडम."

"मग इथे येऊन सांगा. मोठ्या हॉस्पिटलला पाठवायचं की नाही ते मला ठरवायचंय. ॲम्ब्युलन्स बोलावलीये."

इंदिरानगरमध्ये बावीस वर्षं माझं मेडिकल आहे. स्ट्रिप कापणं हे आमचं रोजचं काम. स्ट्रिपच्या एका टोकाला नाव, बॅच नंबर आणि एक्स्पायरी असते. काही कंपन्या नाव सगळ्या पट्टीवर पुन्हा पुन्हा छापतात, काही एकदाच. गिऱ्हाइकाला दहापैकी सहाच गोळ्या हव्या असल्या, तर आम्ही दुसऱ्या टोकाकडून सहा कापून देतो. नावाचं टोक दुकानात राहतं. उरलेल्या चार गोळ्या कशाच्या, हे आम्हाला कळायला हवं ना. गिऱ्हाइकालाही ते कळायला हवं, हे बावीस वर्षांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

युसूफ तुर्कस्तानचा. अंबडच्या एका कारखान्यात मशीन बसवायला आलेला फिटर. चार महिन्यांपासून आमच्या मागच्या गल्लीत भाड्यानं राहत होता. मराठी नाही, हिंदी नाही. इंग्रजीतले 'गुड' आणि 'प्रॉब्लेम' हे दोनच शब्द. भाजी बोट दाखवून घ्यायचा. माझ्या दुकानात मात्र काही घ्यायचं नसलं तरी यायचा. त्यांची लिपी इंग्रजी अक्षरांचीच, आणि औषधांची शास्त्रीय नावं त्याच्या गावी जवळपास तीच. रॅकमधल्या खोक्यावरचं नाव मोठ्यानं वाचायचा आणि छातीवर, पोटावर, कपाळावर हात ठेवून ते कशाचं औषध आहे ते दाखवायचा. बहुतेक वेळा बरोबर असायचं. मला 'अबी' म्हणायचा. म्हणजे मोठा भाऊ.

सोमवारी कारखान्याचे सुपरवायझर सोनवणे त्याला घेऊन आले. त्याच्या घरून आणलेल्या साखरेच्या गोळ्या संपल्या होत्या. कारखान्याच्या डॉक्टरांनी तेच औषध सहा दिवसांसाठी लिहिलं होतं, रोज सकाळी एक. शिवाय त्याला चक्कर येत होती. त्यावरची गोळी दिवसातून तीनदा, दोन दिवस. म्हणजे दोन्ही सहा-सहा. दोन्ही एकाच कंपनीच्या, स्ट्रिप चंदेरी. मी दोन वेगळ्या पुड्या केल्या. एकीवर उगवता सूर्य काढला. दुसरीवर उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य आणि चंद्र. युसूफनं अंगठा दाखवला. मी स्वतःवर खूश होतो.

आता हिशेब बघा. मंगळवारचा पूर्ण दिवस आणि बुधवारची सकाळ. नीट घेतल्या असतील तर साखरेच्या दोन संपून चार उरणार. चकरेच्या चार संपून दोन उरणार. एकीत दोन, एकीत चार. आकडे बरोबरच होते. दोन कुठलीत उरल्या, एवढंच कळत नव्हतं.

चकरेच्या उरल्या असतील, तर त्यानं औषध नीट घेतलं होतं आणि साखर उतरायचं कारण वेगळं होतं. मग त्याला मेंदूच्या स्कॅनसाठी मोठ्या हॉस्पिटलला न्यावं लागलं असतं. साखरेच्या उरल्या असतील, तर दोनऐवजी चार पोटात गेल्या होत्या. ही गोळी दिवसभर साखर खाली ओढत राहते. अशा माणसाला ट्रॅफिकमधून फिरवणं म्हणजे वाटेत जीव जायची वेळ.

मी ड्रॉवर उघडला. चकरेच्या गोळीचा उरलेला तुकडा त्याच सकाळी विकला गेला होता. साखरेच्या गोळीचे कापलेले तुकडे तीन निघाले. तिन्ही शर्टाच्या खिशात टाकले, शटर ओढलं आणि स्कूटर काढली. पाच मिनिटांच्या वाटेत एकच सिग्नल आहे. तो लाल होता.

हॉस्पिटलमध्ये सोनवणे मोबाइल युसूफच्या तोंडाशी धरून उभे होते.

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

"भाषांतर लावलंय, काका. तो बोलतोय काहीतरी आणि हे सांगतंय, पाना घसरला. तीनदा तेच सांगितलं."

युसूफचे डोळे अर्धे उघडे होते. एक नर्स त्याचा सलाइनचा हात धरून बसली होती, कारण तो सुई उपटायला बघत होता. मी "युसूफ" म्हणून हाक मारली. त्यानं माझ्याकडे पाहिलं, पण ओळख नव्हती.

मॅडमनी दोन्ही स्ट्रिप स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवल्या. मी तिन्ही तुकडे त्यांच्या शेजारी मांडले. माझी कात्री टोकाकडे जराशी मोडलेली आहे. प्रत्येक कापाला कुठेतरी एक दात राहतो, कधी अलीकडे, कधी पलीकडे.

दोन उरलेली स्ट्रिप घेतली. पहिला तुकडा लावला. मधे फट. दुसरा लावला. दात भलतीकडे. तिसरा तुकडा मॅडमनी लावला. काठाला काठ बसला. दात खाचेत गेला. तुकडा उलटा केला आणि नाव वाचलं.

"साखरेची," मी म्हणालो. "चार पोटात गेल्यात."

"नक्की?"

मी चार उरलेल्या स्ट्रिपलाही तिन्ही तुकडे लावून पाहिले. एकही बसला नाही.

"नक्की."

"ॲम्ब्युलन्स परत पाठवा," मॅडम नर्सला म्हणाल्या. "हलवायचा नाही. ग्लुकोज चालू ठेवा. दर तासाला साखर." मग माझ्याकडे वळल्या. "आणि हे नाव कुठे होतं इतका वेळ?"

"माझ्या ड्रॉवरमध्ये."

"हं. ते आपण नंतर बोलू."

मी तिथेच थांबलो. दुकान बंद राहिलं. बारा वाजता त्र्याण्णव. एकला पुन्हा एकोणसत्तर, तेव्हा सोनवणे बाहेर जाऊन उभे राहिले. दोनला एकशे दहा. तीनला एकशे बावीस. तीननंतर थोड्या वेळानं युसूफनं छताकडे पाहिलं, सलाइनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अबी," म्हणाला.

सोनवण्यांनी सकाळपासून पहिल्यांदा खुर्ची घेतली.

माझं एक कोडं राहिलं होतं. सूर्य-चंद्र काढले होते, मग घोटाळा झाला कसा? दुसऱ्या दिवशी मी कागदावर दोन पुड्या काढून विचारलं. त्यानं खुणांनी सांगितलं. पुड्या घरीच कचऱ्यात टाकल्या. कामावर न्यायला बरं पडतं म्हणून दोन्ही स्ट्रिप एकाच खिशात. एक गोळी एकदा, एक तीनदा, हे त्याच्या पक्कं लक्षात होतं. कुठली कुठली ते स्ट्रिपवर वाचू, असं त्यानं धरलं होतं, आणि शेवटी अंदाजानं घेतल्या. मग मोबाइल घेऊन त्यानं बराच वेळ काहीतरी टाइप केलं. मोबाइल बाईच्या आवाजात मराठीत बोलला:

"मी तुमच्या शहरात फक्त औषधांची नावे वाचू शकतो. यावेळी नाव नव्हते."

मी मोबाइल हातात घेऊन ते वाक्य पुन्हा एकदा ऐकलं. मग मोबाइल परत दिला.

तिसऱ्या दिवशी त्याला घरी सोडलं. त्याच दिवशी मी काळा मार्कर आणला. आता कापलेल्या प्रत्येक स्ट्रिपच्या मागे औषधाचं नाव आणि एक्स्पायरी लिहून देतो. एका स्ट्रिपला वीस सेकंद लागतात. लोक कुरकुरतात. "काका, गोळी द्या ना, निबंध काय लिहिताय?" असं एक जण म्हणाला. लिहून होईपर्यंत त्याला थांबवलं.

पुढच्या आठवड्यात युसूफ आला. मी सहा गोळ्या कापल्या, मागे नाव लिहिलं आणि जरा ऐटीत त्याच्यापुढे ठेवलं. त्यानं स्ट्रिप जवळ धरली, लांब धरली, उजेडाकडे नेली. मग काउंटरवर परत ठेवली.

"अबी," तो म्हणाला, "प्रॉब्लेम."

माझं अक्षर त्याला लागत नव्हतं. तेव्हापासून कॅपिटलमध्ये लिहितो.