रतन सरवदे चहाला नाही म्हणतात

कुठल्याही हॉलमध्ये शिरलं की रतन सरवद्यांची नजर हल्ली आधी 'पुरुष' लिहिलेल्या पाटीवर जायची, मग माणसांवर. पाटी सापडली की जिवाला जरा बरं वाटे. पण बरं वाटणं टिकायचं किती? मंचावर चढेपर्यंत.

पोस्टातून निवृत्त झाल्यावर त्यांनी बिबवेवाडीतल्या बौद्ध घरांमधली लग्नं लावायचं काम अंगावर घेतलं होतं. पांढराशुभ्र सदरा, खणखणीत आवाज आणि खांबासारखं ताठ उभं राहणं. आता या खांबाचीच चुळबुळ सुरू झाली होती. कधी या पायावर भार, कधी त्या. मध्येच कपाळाला घाम. गेल्या महिन्यात तर वधूवर हातात हार धरून ताटकळत असताना रतनराव माइक टेबलावर ठेवून मागच्या दाराने निघून गेले. परत येतात तो मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "पळायचं तर नवरदेवाने पळावं, हे काय!" अख्खा हॉल हसला.

त्यात पुतणी सोनालीचं लग्न तोंडावर आलं. थोरला भाऊ वारलेला. पोरीने आधीच सांगून ठेवलं होतं, "काका, लग्न तुम्हीच लावायचं. दुसरं कुणी उभं राहिलं तर मी हार घालणार नाही."

"तुम्ही नुसते काका म्हणून पुढे बसा," मुक्ताई, त्यांची बायको, म्हणाली. "लावायला दुसरे मिळतील."

"का? मी अंथरुणाला खिळलोय का?"

"खिळला असतात तर एका जागी तरी सापडला असतात."

रतनरावांनी स्वतःचा उपाय काढला होता. लग्नाच्या दिवशी सकाळपासून पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. शेजारच्या दत्तप्रसादांचा उपाय वेगळा. "अहो, एक थंडगार बिअर घ्या. सगळा पाइप साफ."

"मी लोकांना पाचवं शील देतो, मद्य घेणार नाही म्हणून. आणि मीच बाटली फोडू?"

"औषध म्हणून हो!"

शेवटी मुक्ताईने त्यांना ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टर निशा तरुण होत्या, बोलायला तुटक. तपासण्या पाहून म्हणाल्या, "प्रोस्टेट वाढलंय. वयाने वाढतं. गोळ्या देते. दारू?"

"कधीच नाही," रतनराव ताठ होऊन म्हणाले. "बिअरने साफ होतं म्हणतात, तरीसुद्धा नाही."

"साफ काही होत नाही, फेऱ्या तेवढ्या वाढतात. कधीकधी सगळं तुंबतं आणि नळी घालावी लागते. चहा किती?"

उत्तर मुक्ताईनेच दिलं, "जेवढी घरं, तेवढा."

"मग दारूची कसर तिथे भरून निघते. चहा मूत्राशयाला डिवचतो, कॉफी आणि ते काळे कोला पण. आणि पाणी?"

"ते बंदच केलंय," रतनराव अभिमानाने म्हणाले.

"वा. जे प्यायचं ते बंद, जे टाळायचं ते चालू. काका, पाणी तोडलं की लघवी दाट होते, मग आणखी जळजळ, आणखी घाई. दिवसभर थोडं थोडं प्या. कार्यक्रमाच्या आधी दोनेक तास हात आखडा. आणि चहाला नाही म्हणायला शिका."

सगळं पटलं, शेवटचं वाक्य सोडून. बार्शीकडच्या त्यांच्या गावात हॉटेलाबाहेर खिळ्याला एक कानतुटका कप असायचा. वडील त्यातून चहा पीत, स्वतः विसळून परत टांगत. रतनराव पोस्टात लागले तेव्हा कसबा पेठेतल्या एका सहकाऱ्याने घरी नेलं, सगळ्यांसोबत सारख्याच कपातून चहा दिला. त्या दिवसापासून कुणाच्या हातचा चहा त्यांनी नाकारला नव्हता. नाही म्हणायचं म्हणजे समोरच्याचा हात खाली पाडायचा, असं त्यांना वाटे.

लग्नाच्या दिवशी हॉलवर पोचतात तोच नवऱ्यामुलाची आजी, सुंदराबाई, स्वतः कपबशी घेऊन आल्या. आलं घातलेला, वाफाळता. रतनरावांचा हात पुढे गेला. अर्ध्यात थांबला.

"नको आजी."

"का ओ? आमच्या घरचा चालत न्हाई व्हय?"

वडीलच विचारताहेत असं त्यांना वाटलं. थाप मारावी, उपवास म्हणावं, साखर वाढलीय म्हणावं. पण म्हातारी कपबशी तशीच पुढे धरून उभी होती, आणि खोटं काही जिभेवर येईना.

"चालतो हो. मला प्रोस्टेटचा त्रास आहे. चहा घेतला की सारखं लघवीला जावं लागतं."

सुंदराबाईंना ऐकायला कमी. "काय?"

रतनरावांनी पुन्हा सांगितलं, मोठ्याने. आजूबाजूच्या खुर्च्या वळल्या.

"अगं बया! मग आधी बोलायचं की," सुंदराबाई म्हणाल्या. "आमच्या ह्यांनी न्हाई सांगितलं. वर रोज संध्याकाळची थोडी घ्यायचे, झोप लागती म्हणून. एक दिस सगळं तटलं. पोट हे एवढं. नळी घातली तवा कळलं आम्हाला." आणि तो चहा त्यांनी उभ्याउभ्याच स्वतः पिऊन टाकला.

रतनराव जाऊन आले, मंचावर चढले. त्रिशरण झालं, पंचशील झालं. फोटोवाल्याने मध्येच दिवा हलवण्यात वेळ खाल्ला आणि ओटीपोटात पुन्हा कळ आली. प्रतिज्ञा अजून बाकी. या पायावरून त्या पायावर. सोनाली काकांकडे बघत होती, मुक्ताई पहिल्या रांगेत पदर चोळत होती.

रतनरावांनी माइक तोंडाशी नेला. "सगळ्यांनी बसून घ्या. मला जाऊन यायचंय. मग प्रतिज्ञा घेऊ."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. सुंदराबाई मान वळवून कडाडल्या, "दात काय काढतोस? साठीला तर पोच आधी!"

रतनराव मंचाच्या पायऱ्या उतरले, पळाले नाहीत. सगळ्यांच्या देखत हॉलच्या मधल्या वाटेने चालत गेले. परत आले तेव्हा लोक आपसांत गप्पा मारत होते आणि सोनालीने हार मांडीवर ठेवला होता.

"हं, ऊठ बाळा," ते म्हणाले. "आता माझ्या मागून म्हण."