परत आलेली पांढरी फडकी

डॉक्टरांनी मला दारोदार सांगायला एकच वाक्य दिलं होतं, ‘फडकं धुऊ नका.’ ते मी एकाही दारात सांगितलं नाही.

तेव्हा मी चौदा वर्षांची होते. ठाण्याला मावशीकडे राहून इंग्रजी शाळेत शिकले होते आणि नुकतीच कल्याणला घरी आले होते. आमची आळी रेल्वेच्या इंजिनघराच्या मागे होती. इंजिनांतून निघालेली राख आणि कोळशाची भुकटी तिथं ओतत, त्याचा घराएवढा ढीग झाला होता. थंडीच्या दिवसांत सकाळी धूर वर जात नसे. तो ओट्यांच्या उंचीनं पसरत येई, आणि वारा सुटला की ढिगावरची भुकटीही घेऊन येई. पहाटे जात्याच्या आवाजाबरोबर घराघरातून खोकलाही ऐकू येई.

दवाखान्याचे डॉक्टर माझ्या वडिलांचे स्नेही. हा खोकला त्या धुराचा आणि ढिगाचा आहे असं त्यांचं ठाम मत होतं. ढीग ठाकुर्लीकडच्या मोकळ्या माळावर हलवावा असा अर्ज त्यांनी ठाण्याला सरकारी कचेरीत केला. तिकडून विचारणा झाली, पुरावा काय? तेव्हा त्यांनी मांजरपाटाचे हातभर चौकोन कापले. पाच आमच्या आळीतल्या पाच घरांना आणि पाच तळ्यापलीकडच्या घरांना. चुलीचा धूर लागू नये म्हणून फडकं बाहेर वळचणीला टांगायचं, आठ दिवसांनी काढून नवं लावायचं, असं चार आठवडे, आणि घरात कोण किती दिवस खोकलं ते लिहायचं. एका पुठ्ठ्यावर त्यांनी काजळानं पाच छटा रंगवल्या होत्या, पांढुरकीपासून काळ्यापर्यंत. फडकं त्या छटांशी लावून बघायचं. काळ्या फडक्याच्या घरी खोकला जास्त निघाला, तर ठाण्याला नाही म्हणता येणार नाही, असं ते म्हणत.

तळ्यापलीकडची घरं डॉक्टरांच्या पत्नीकडे होती, आमची आळी माझ्याकडे. बायका पुरुषाशी बोलणार नाहीत, आणि मला लिहिता येत होतं.

लिहिता येत होतं, बोलता येत नव्हतं. पहिल्याच दारात तीन बायका तांदूळ निवडत बसल्या होत्या.

“अगं बाई, मडमेच्या शाळेत जाऊन शेवटी फडकीच वाटायची होती का?”

“वाटू दे गं. सासरी गेल्यावर फडकं सोडून दुसरं काय हातात येणार आहे?”

त्या हसल्या. त्यात वाईट काही नव्हतं. पण माझे कान तापले. मी फडकं पुढे केलं, “डॉक्टरांनी दिलंय, बाहेर टांगा, आठ दिवसांनी नेईन,” एवढं पुटपुटले आणि निघाले. पुढच्या दारांत तेवढंही नीट बोलले नाही. आमच्या घरी तर आईला काय सांगायचं, ती माझीच आई, असं म्हणून राहून गेलं.

आठ दिवसांनी फडकी गोळा केली. चार घरांची फडकी घडी घालून तयार होती. शेजारच्या वहिनींनी दिलेल्या फडक्याला रिठ्याचा वास होता. आईनं तर नीळ घातली होती. मांजरपाट मुळात पिवळसर असतो, आमचं फडकं दिलं होतं त्याहून पांढरं झालं होतं.

“आई, हे धुतलंस?”

“मग? दुसऱ्याची वस्तू तशीच मळकी परत देतात का? काय म्हणतील डॉक्टर!”

आमच्या आळीत उसनं नेलेलं भांडं कुणी खरकटं परत करत नसे, घासून चकचकीत करून देत. फडकं डॉक्टरांचं, म्हणून ते धुऊन दिलं. कुणाची चूक नव्हती. ज्या एकीनं सांगायचं होतं तिनं सांगितलं नव्हतं.

पाचवं घर आळीच्या टोकाला, ढिगाला लागून होतं. तो माणूस पूर्वी मिठागरावर होता, आता इंजिनघरात राख ओढायचा. त्याच्या बायकोनं फडकं पाठीमागे लपवलं होतं. ते काळं झालं होतं, चौथ्या छटेच्याही पुढे. तिच्या कडेवर दोन वर्षांची मुलगी होती. खोकताना तिच्या बरगड्या आत जात.

“बाय, लय कालं झालं बग. पानी लांबून आनावा लागतं, पोर खाली उतरत नाय.”

मी फडकं घेतलं आणि मुलीच्या नावापुढे लिहिलं, आठही दिवस.

त्याच दिवशी मी डॉक्टरांना सांगू शकले असते. अजून तीन आठवडे बाकी होते. पण सांगायचं म्हणजे, एवढं एक काम दिलं तेही केलं नाही, हे कबूल करायचं. डॉक्टर मला ‘आमची सेक्रेटरी’ म्हणत, वडील ते ऐकून खूश होत. दुसऱ्या आठवड्यात मी ठरवून निघाले, की आज सगळ्यांना सांगायचं. पहिल्या दारात पुन्हा त्याच बायका. मी नुसतं फडकं दिलं. तिसऱ्या आठवड्यात मी ठरवलंसुद्धा नाही.

डॉक्टर फडकी पुठ्ठ्याशी लावून बघत आणि कपाळाला आठ्या घालत. “खोकला इकडे दुप्पट, आणि फडकी मात्र एक सोडून तळ्यापलीकडच्यासारखीच. असं कसं?” रिठ्याचा वास त्यांच्या लक्षात आला नाही. कपडे धुणं त्यांनी कधी पाहिलं असेल, केलं नव्हतं.

महिन्याअखेर ठाण्याहून साहेब आले. दवाखान्याच्या व्हरांड्यात फडकी ओळीनं मांडली होती. साहेबांनी टोकाच्या घराचं फडकं छडीनं बाजूला केलं. या घरचा माणूस राखेत काम करतो, कपड्यांतून तोच घरी आणत असेल, म्हणाले. बाकीची स्वच्छ आहेत. मग ते माझ्याकडे वळले आणि इंग्रजीत विचारलं, ही फडकी जशी टांगली होती तशीच आणलीस ना?

व्हरांड्यात वडील उभे होते. इंग्रजीत उत्तर देणारी मुलगी बघायला दारात चार माणसं जमली होती. डॉक्टर माझ्याकडे आशेनं बघत होते. मला वाटतं, मी ‘नाही’ म्हणावं अशीच त्यांची इच्छा असावी.

“येस, सर,” मी म्हटलं. उच्चार अगदी शुद्ध होता.

खोकला घरातल्या चुलीचा आणि ओलीचा, असं साहेबांनी लिहिलं. ढीग होता तिथंच राहिला. परतताना वडील म्हणाले, “छान बोललीस हो.”

काही दिवसांनी मी टोकाच्या घरी गेले. का गेले ते मला नीट सांगता येणार नाही. बहुतेक तिला खरं सांगायचं होतं. ती ओट्यावर मुलीला मांडीवर उभी धरून पाठ चोळत होती. ढीग हलणार नाही हे तिला कळलं होतं. नवऱ्यानं सांगितलं होतं, सगळ्यांची फडकी चांगली निघाली, तुझंच तेवढं घाण.

“माझ्यामुलंच झालं ना, बाय?” ती म्हणाली. “धुवायचा असतं, ते आदी सांगायचास ना गो मला. एक हंडा जास्त आनला असता.”

मुलगी खोकायला लागली. तो खोकला थांबेपर्यंत ती तिची पाठ चोळत राहिली. मग तिनं पुन्हा विचारलं, “धुतला असता त बरं झालं असतं ना?”

मी मान हलवली. हो, अशी.

फाल्गुनात ती मुलीला घेऊन शीळ गावाच्या पलीकडे माहेरी गेली. पावसाळ्यानंतर ती परत आली, एकटी. मी तिला विहिरीवर पाहिलं. ती हसली, आणि मी भरलेली घागर तिथंच ठेवून घरी आले. मुलगी आजीकडे ठेवली आहे का, हे आळीत कुणालाही विचारता आलं असतं. मी विचारलं नाही. अजून कुणाला विचारलेलं नाही.