सातवी स्लाइड

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला का सांगते आहे, तेही नीटसं माहीत नाही — कदाचित तुमचा चेहरा मला दिसत नाही म्हणून.

एम.ए.ला समाजशास्त्र होतं. सेमिनारसाठी मी फाउंड्रीतल्या, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यातल्या, अपघातांचा विषय घेतला होता, आणि मॅडमनी बजावलं होतं, प्रत्यक्ष भेटलेला माणूस स्लाइडवर दिसला पाहिजे. म्हणून एका दुपारी शिरोली एमआयडीसीत गेले. गेटवरच्या वॉचमनने आत सोडलं नाही. समोरच्या टपरीवर बसून राहिले, तेव्हा सुट्टीत बाहेर आलेल्या एका कामगाराने मला चहा पाजला. साचे भरायचं काम करायचा. अपघातांचं विचारलं तर हसला, "आमच्यात तसलं काय न्हाय झालं, पोरी. देवाची किरपा." मग वाफाळता ग्लास उजव्या हातात लांब धरून ऐटीत फोटोला उभा राहिला. मी त्याचं नावसुद्धा विचारलं नाही.

आता काय करायचं? सेमिनार दोन दिवसांवर आला होता. पुन्हा शिरोलीला जायचा मला कंटाळा आला — हो, कंटाळा, दुसरं काही नाही. राजारामपुरीतल्या खोलीवर बसून मी मोबाईलमधल्या फोटोची कड मनगटापर्यंत आत ओढली. ग्लास गेला, पंजा गेला. खाली लिहिलं, 'उजवा हात मनगटापासून गमावलेला कामगार. नाव बदलले आहे.'

सातवी स्लाइड आली. मी बोलत होते — छान बोलत होते. दाखवायला म्हणून हात पुढे केला, आणि प्रोजेक्टरच्या उजेडात माझ्या पंजाची सावली पडद्यावर नेमकी त्याच्या मनगटाला जाऊन लागली. क्षणभर त्याला हात आला. तरी मी वाक्य पूर्ण केलं. सगळ्यात जास्त मार्क मलाच पडले.

तीन वर्षांनी, राजारामपुरीतच, एका दवाखान्यात नंबर लावून बसले होते. समोरच्या बाकावरून आवाज आला, "वळखलं न्हाईस व्हय, पोरी?" तोच होता. फाईल डाव्या हातात. उजव्या बाहीतून हात बाहेर आला होता, तो मनगटापर्यंतच. जिथे मी कड थांबवली होती, तिथपर्यंतच. "मशिनीत गावला. दोन वर्सं झाली," म्हणाला.

फोटो कापल्याने हात कापला जात नाही, हे मला कळतं. मी आता कॉलेजात शिकवते, अंधश्रद्धेवर तास घेते. पण त्या बाकावर तेव्हा यातलं काहीही मला आठवलं नाही.

त्याची काही तक्रार नव्हती. त्याला एकच गोष्ट हवी होती. "त्यो चहाचा फोटू हाय न्हवं तुज्याकडं? त्यात हात चांगला दिसत आसल बघ. नातीला दावतो. तिनं बघितलाच न्हाय की."

तो फोटो आता उरलाच नव्हता. कापलेला फोटो मी मूळ फोटोवरच सेव्ह केला होता. सांगता आलं असतं — नाही का? मी म्हणाले, "मामा, तो मोबाईल हरवला." मोबाईल माझ्या मांडीवर होता. "आसू दे की," म्हणाला, आणि उठताना डावा हात माझ्या डोक्यावर ठेवून गेला.

ती स्लाइड मी पुसून टाकली असेल, असं वाटतं तुम्हाला? दर वर्षी मुलांना नमुना म्हणून दाखवते. आता ती खरीच आहे, असं स्वतःला सांगते. परवाही दाखवली. पडद्यावर तो हसत असतो, मनगटापाशी फोटो संपतो, आणि त्याच्या खांद्याजवळ थोडी वाफ तरंगत असते — ग्लास कापला गेला, वाफ राहून गेली. मुलं वहीत उतरवून घेतात. ती वाफ कुठून येते, हे अजून एकानेही विचारलेलं नाही.