म्या धुतलंय

वासराच्या कानांत पाणी जाऊ नये म्हणून अप्पा आपल्या तळहातांनी त्याचे दोन्ही कान मिटून धरत आणि पाणी ओतायला दुसऱ्याला सांगत. "धबाधबा नगं रं. पाठीला कळलं पायजे, पानी येतंय म्हनून." शेवटचा हात आंबेमोहराच्या धुवणाचा. तांदूळ धुतलेल्या त्या पाण्यानं वासराच्या अंगावर जी झाक येई, ती कुठल्या साबणानं येत नसे. म्हणून उत्रोलीत त्यांना सगळे धुवणअप्पा म्हणत. भोरला जनावरांचं प्रदर्शन असलं की त्या सकाळी घरोघरच्या बायका त्यांच्यासाठी धुवण राखून ठेवत.

आमची चंद्री वर्षाची खिलार कालवड होती. तिची आई गेल्यावर माझ्या बायकोनं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं, त्यामुळे नको तितकी लाडावलेली. मला ती पायाला हात लावू देत नसे. अप्पा मात्र खाली बसून विनवत, "द्या बगू मालकीनबाई, पाय द्या. मिरवायला जायचंय तुमास्नी." आणि ती पाय द्यायची.

"माझं का नाही ऐकत हो ही?"

"तू हुकूम सोडतुस. म्या इचारतो."

चंद्रीत खोट एकच होती. मागच्या उजव्या खुरावर बोटभर पांढरी रेघ. खिलारीचा खूर काळाभोर हवा. मी भीतभीतच म्हणालो, "अप्पा, जरा काळं करूया का तेवढं?" त्यांचा हात थांबला. "हे बग, म्या जनावर धुतो, रंगवत न्हाई. हाय ते दिसू दे."

प्रदर्शनाच्या सकाळी मैदानाच्या कडेला त्यांनी चंद्रीला धुतलं, पंच्यानं पुसलं आणि ते चहा प्यायला गेले. मी पिशवीतून बुटाच्या पॉलिशची डबी काढली. ते परत येईपर्यंत आमचा नंबर पुकारला गेला होता.

परीक्षक खाली वाकले. त्यांनी ओला रुमाल खुरावर घासला आणि काळा झालेला रुमाल सगळ्यांना दिसेल असा धरला. "हिला तयार कुणी केलं?"

रिंगणाच्या दोराच्या पलीकडून अप्पा म्हणाले, "म्या धुतलंय, सायेब."

खोटं नव्हतंच ते. एवढं बोलून ते माझ्याकडे बघत राहिले. पुढचं मी बोलायचं होतं. मी चंद्रीच्या गळ्यातल्या दाव्याची गाठ सारखी करत बसलो.

"या वयात असले उद्योग करता, बाबा?" परीक्षक म्हणाले. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "आरं, ह्यो धुवणअप्पा न्हाई, पालीशअप्पा!" सगळे हसले. मीही हसल्यासारखे ओठ हलवले.

येताना टेम्पोत अप्पा मागे चंद्रीच्या पायाशी बसले होते. धक्के खात खांद्यावरच्या पंच्यानं तो खूर पुसत होते. पांढरी रेघ वर आली तेव्हा म्हणाले, "आता दिसतीया बग."

त्यानंतर वासरं धुवायला त्यांना कुणी बोलावलं नाही. बायका धुवण मोरीत ओतू लागल्या. पारावर त्यांना पालीशअप्पा म्हणत, अगदी तोंडावर. ते वळूनही बघत. त्या नावाला ते ओ देतात हे मला सहन होत नसे, म्हणून मी पारावर जाणं सोडलं. खरं सांगणं मात्र मला सुचलं नाही. म्हणजे सुचलं, रोज सुचलं.

गेल्या वर्षी ते गेले. दहाव्याला नीरेच्या घाटावर शेजारच्या गावचा एक पाहुणा मला विचारत होता, "गेले ते पालीशअप्पाच ना?" मी म्हणालो, "व्हय."

आज चंद्रीची कालवड गोठ्यात आहे. तिला धुताना कान मिटून धरले की पाणी ओतायला कुणी नसतं, आणि पाणी ओतायला गेलं की कान उघडे पडतात.

अप्पांनी अर्धं सोडलेलं बोलणं आता मीच पुरं करायला हवं. धुतलं त्यांनी. रंगवलं मी.