मास्टरिंगवाला आणि ओटीभर कापूस

धामणगावच्या फलाटावर उतरलो तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. अंगात स्वेटर होता आणि लॅपटॉपची पिशवी मी तान्ह्या बाळासारखी छातीशी धरली होती. चोपन्न वर्षांचा, टक्कल पडू लागलेला नाशिककर या मुलखात कशाला आला असेल? रिक्षावाल्यानं तर्क केला, "लग्न जमवाले आले का जी?"

"हो. माझ्या गाण्याचं."

त्यानं मागे वळून एकदा नीट पाहिलं आणि रिक्षाचा वेग वाढवला.

खरं ते आता सांगून टाकतो. मी लॅपटॉपवर इलेक्ट्रॉनिक नाचाची गाणी करतो. घरी त्याला 'बाबांची धडधड' म्हणतात. गेल्या हिवाळ्यात राळेगावजवळ माझा कॉलेजमित्र दिनकर याच्या वावरात (शेतात) सुमनबाई नावाची बाई कापूस वेचता वेचता गात होती. नवं कोरं कापड फाडावं तशी तिच्या गळ्याला एक खरखर होती. ती ऐकून मी जागच्या जागी खुळा झालो. तिला विचारून फोनवर गाणं टिपलं आणि वर्षभर खपून त्याभोवती नाचाचं गाणं उभं केलं. मात्र परवानगी देताना तिनं अट घातली होती, "भाऊ, तुमच्या धडधडीत माहा गळा मले ऐकू आला पाहिजे. माह्या संगच्या बायाईनं म्हनलं पाहिजे का हे सुमनच हाये. नाई त पुसून टाकजा." मी मोठ्या नाटकी थाटात शब्द देऊन बसलो होतो.

आता राहिलं होतं मास्टरिंग. गाणं रचून, वाद्यं एकमेकांत बसवून झाली, की ते कुठल्याही स्पीकरवर नीट वाजावं म्हणून एक जाणकार त्यावर शेवटचा हात फिरवतो, ते मास्टरिंग. मुंबईच्या एका जाणकारानं सांगितलेला दर ऐकून मी फोन दोन्ही हातांनी खाली ठेवला. दिनकर म्हणाला, "इकडं ये ना बे. आमच्याकडे दोघं आहेत, दोघंही स्वस्त. सुमनबाई पण इथंच. गाणं होईल, पोहे होतील."

पोहे आधी झाले. यवतमाळच्या बसस्थानकाबाहेर तर्री पोहे (पोह्यांवर चण्याचा लालभडक रस्सा) खाल्ले, वर मूठभर सांभार (कोथिंबीर). दुसऱ्या घासाला डोळ्यांतून पाणी, तिसऱ्याला नाकातून. पोहेवाला कौतुकानं म्हणाला, "पाहुण्यांले लागली वाटते!"

अशा भिजल्या चेहऱ्यानं मी पहिल्या उमेदवाराकडे गेलो. बंटी. तिशीचा गडी, मोबाईलच्या दुकानावर त्याची खोली, भिंतींना अंड्यांचे ट्रे ठोकलेले. वरातीत वाजणाऱ्या डीजेच्या गाड्यांसाठी तो गाणी तयार करतो.

"काका, गानं गाडीवर वाजलं पाहिजे. छातीत बसलं पाहिजे," असं म्हणून त्यानं वीस मिनिटांत हात फिरवला आणि बटण दाबलं. खिडकीची काच थरथरली. टेबलावरचा चहाचा कप आपणहून दोन बोटं सरकला. मला इतका आनंद झाला की मी उठून नाचलो आणि डोक्यानं अंड्यांचा एक ट्रे पाडला. दर विचारला तर तो माझ्या रेल्वेच्या तिकिटाइतकाच निघाला. शोध संपला, असं मी दिनकरला फोनवर ओरडून सांगितलं. ओरडणं भाग होतं, कारण मला अजून काही ऐकू येत नव्हतं.

"आता उमरखेडच्या सरांकडं जाऊन ये," दिनकर म्हणाला. "एकच पोरगी पाहून कोणी हो म्हणते का?"

दुसऱ्या दिवशी एसटीनं उमरखेड. दोन्ही बाजूंना पांढरी झालेली वावरं, मध्येच तुरीचा हिरवा पट्टा. आर्णीच्या पुढे खिशातल्या फोनवर चुकून बोट पडलं आणि बंटीची धडधड साऱ्या बसभर उसळली. वाहक शांतपणे म्हणाला, "काका, हे गिअरबॉक्समधून येऊन राह्यलं का तुमच्या खिशातून?" मी बंद करू लागलो तर मागच्या सीटवरची एक आजी म्हणाली, "राहू द्या जी. ड्रायव्हरले झोप तरी नाई येत."

उमरखेडचे साबळे सर हे भौतिकशास्त्राचे निवृत्त शिक्षक. खोलीला चारी बाजूंनी गोधड्या लावलेल्या, टेबलावर मोजमापाचे आलेख. माझं गाणं त्यांनी मिटल्या डोळ्यांनी तीनदा ऐकलं आणि चार तास काम केलं. तोवर त्यांच्या घरी मी ज्वारीची भाकरी, ठेचा आणि एक डुलकी असं भरगच्च जेवलो. शेवटी त्यांनी गाणं ऐकवलं तेव्हा माझं तोंड उतरलं.

"सर, हे बंटीपेक्षा हळू वाजतंय."

"मोठं वाजलं की चांगलंच वाटतं," सर म्हणाले. "माणसाचा कान भोळा असतो. दोन्हींचा आवाज सारखा करा, मग बोला."

त्यांनी बंटीचा आवाज खाली आणला. अरे देवा! ज्या गाण्यावर मी काल ट्रे पाडला होता ते आता लाटण्याखाली चेंगरल्यासारखं सपाट वाटलं. सरांच्या कामात प्रत्येक वाद्याला उभं राहायला जागा होती आणि सुमनबाईचा गळा खोलीभर डावी-उजवीकडे पसरला होता. दर बंटीच्या दुप्पट, तरी मुंबईच्या पासंगालाही पुरत नव्हता. मी सरांना वाकून नमस्कार केला आणि मनातल्या मनात बंटीला निरोप दिला.

तिसऱ्या दिवशी दिनकरसोबत कळंबमार्गे राळेगावकडे निघालो. वावरात अकरा बाया एका रांगेत वेचत होत्या. प्रत्येकीच्या कमरेला ओटी (वेचलेला कापूस भरायची कापडी झोळी). सुमनबाई हसली. तिच्या फोनवर मी दोन्ही प्रती पाठवल्या आणि सरांच्या शिकवणीप्रमाणे दोन्हींचा आवाज आधीच सारखा करून ठेवला. आता ती सावलीत बसून ऐकेल, अशी माझी कल्पना. तिनं गाणं सुरू केलं, फोन ओटीत टाकला आणि वेचू लागली.

"अहो बाई, फोन बाहेर ठेवा ना!"

"बाहेर कुठं ठेवू भाऊ? हात दोनच हाये, अन् दोनी कापसात. आमी रोज असंच ऐकतो."

ओटीत कापूस वाढू लागला. बंटीच्या प्रतीची नुसती टिकटिक उरली. मग सरांची सुरू झाली. वाद्यं अंधुक का होईना येत होती, पण गळा पार नाहीसा झाला. सरांनी देखणेपणासाठी तो दोन्ही बाजूंना पसरवला होता. फोनच्या एकुलत्या एका भोंग्यात त्या दोन बाजूंनी एकमेकींना खाऊन टाकलं, आणि उरलंसुरलं कापसानं प्यायलं.

"कोन हाये वं हे?" एकीनं विचारलं.

"शहरातली बाई दिसते," दुसरी म्हणाली. "हिरीत पडून राह्यली."

रांगभर हशा झाला. सुमनबाई हसली नाही. ओटी सावरत म्हणाली, "पुसून टाका भाऊ. तुमी शब्द देल्ला व्हता."

"संध्याकाळी कापसाची मोजणी होईपर्यंत थांबा," मी हात जोडले. तिनं मान हलवली, होकारार्थी की कंटाळून, कळलं नाही.

धुऱ्यावर (बांधावर) जाऊन मी आधी सरांना फोन लावला. सगळं ऐकून ते म्हणाले, "माझं मोजमाप बरोबर आहे. कापसात फोन पुरून कोणी संगीत ऐकतं का? ही श्रोत्याची अडचण आहे, मास्टरिंगची नाही." मग, काहीशा लाजेनंच, बंटीला लावला. त्यालाही सगळं सांगितलं.

"काका, ओटी अर्धी होती का पुरी भरेल?"

"काय?"

"माही माय बी वेचणीले जाते जी. थांबा. येऊन राह्यलो."

दीड तासानं मोटारसायकल धुऱ्याशी थांबली. बंटीनं बाभळीखाली लॅपटॉप उघडला आणि एक ओटी मागितली. बायांनी ती त्याच्या कमरेला स्वतः बांधली. "शोभून राह्यली रे पोराले! उद्यापासून ये वेचाले!" तो लाजला, पण फोन ओटीत ठेवून कामाला लागला. बास, म्हणजे छातीत बसणारा खालचा जाड आवाज, कापला. गळा दोन्ही बाजूंनी आवरून मधोमध आणला. खरखर जिथं राहते तेवढीच जागा वर उचलली. ओटी भरायची जबाबदारी माझी. बोंडांच्या वाळक्या टोकांनी माझी बोटं सोलवटली. सुमनबाई बघत होती. "भाऊ, तुमी वेचून राह्यले का कापसाची माफी मागून राह्यले?"

पाचव्या खेपेला बंटी म्हणाला, "सुमनमावशी, आता तुमच्या ओटीत."

गाणं सुरू झालं. ती वेचत पुढे गेली. पाव ओटी, अर्धी ओटी. मी तिच्यामागून चवड्यांवर, चोरासारखा. ठोका बुडाला, वाद्यं बुडाली, आणि भरल्या ओटीतून ती खरखर तेवढी चिवटपणे वर येत राहिली.

"सुमन व्हय वं हे!" रांगेच्या पार टोकाहून कोणीतरी ओरडलं. "हे पाय, पडशानं बसल्यावानी गळा!"

"तुहाच बसला असंन," सुमनबाईनं तिथूनच सुनावलं. मग माझ्याकडे वळून, हात कापसातून न काढता म्हणाली, "आता काढजा गानं बाहेर."

बंटीनं दर आधी सांगितलेलाच घेतला. पेट्रोल दिनकरनं टाकलं. परतताना धामणगावच्या फलाटावर मी चांगले हेडफोन लावून सरांची आणि बंटीची नवी, अशा दोन्ही प्रती ऐकल्या आणि कबूल करतो, साबळे सरांची तरीही अधिक देखणी वाटली. बंटीची जरा कर्कश आहे, थोडी दांडगटही. कोणी मला स्वस्त आणि चांगला मास्टरिंगवाला कसा निवडावा असं विचारलं, तर मी सांगेन की दर शेवटी विचारा. आधी त्याला सांगा, तुमचं काम फसलं, आणि तो उलट काही विचारतो का ते ऐका.

गाडी आली. डब्यात बसल्यावर मी सरांची प्रत पुसून टाकली. बोटाला जड गेलं. पण या बाबतीत माझे कान दोन होते आणि त्या रांगेत बावीस.