पुंडलिकरावांचा बुधवार

पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास फुकट झाला, तेव्हा आष्टीतले सगळे म्हातारे खूश झाले आणि एकटे पुंडलिकराव साटोणे चिडले.

"फुकट? काऊन?" त्यांनी वर्तमानपत्र मुलाच्या, किशोरच्या, हातात परत देत विचारलं. "गुळाचा खडा जो दुकानदार फुकट देते ना, तो तेल कमी मापते. पंचावन्न वर्षं या गादीवर बसून पाह्यलं मी. काहीतरी गोम हाय याच्यात."

स्वतः पुंडलिकरावांनी जन्मात कोणाला गुळाचा खडा फुकट दिला नव्हता, आणि तेलही कधी कमी मापलं नव्हतं. माणूस सचोटीचा होता. पण सचोटीचा माणूस सोबतीलाही बरा असतो, असं कुठं लिहून ठेवलंय? नारळ ते कानाशी तीनदा हलवत. बँकेतून आणलेली कोरी नोटही उजेडात धरून बघत. किराणा दुकानात कोणी भरलेली पिशवी घेऊन शिरलं, की जाताना ती त्यांच्यासमोर उघडून दाखवायची, हा नियम. पाहुणा असो की पाटील, सुटका नाही. त्यांच्या बायकोला, शोभाबाईंना, जाऊन सहा वर्षं झाली. त्या म्हणायच्या, "यमाचे दूत आले तरी हे पह्यले त्याइचं आधार कार्ड मागतीन."

दुकानातल्या गादीवर पुंडलिकरावांशिवाय कोणी बसायचं नाही. किशोर बेचाळिशीचा झाला, तरी उभ्यानंच माल तोलायचा. बायकांचं तर विचारूच नका. शोभाबाईंनी चाळीस वर्षं चहा आणून दिला, तो पायरीवर थांबून. लक्ष्मीपूजनाला गादीला हळदकुंकू वाहायचं, तेवढाच बाईचा हात तिला लागे. ही रीत त्यांच्या वडिलांची, आणि वडिलांवर संशय घ्यायला ते विसरले असावेत.

तर फुकट प्रवासातली ती गोम शोधायला पुंडलिकराव एका बुधवारी एसटीत चढले. बुधवारी दुकान थंड असतं, म्हणून बुधवार. आर्वीपर्यंत गेले आणि उलट्या गाडीनं परत आले. कंडक्टरनं आधार कार्ड पाहून शून्य रुपयांचं तिकीट दिलं. शून्य रुपयांचं तिकीट! ते त्यांनी पाकिटात जपून ठेवलं, उद्या कोणी वसुलीला आलं तर पुरावा असावा म्हणून. त्यानंतरची सगळी तिकिटंही त्यांनी अशीच ठेवली. दोन वर्षांत त्यांची गड्डी पत्त्यांच्या जोडाएवढी झाली, पण वसुलीला कोणी फिरकलं नाही. यानं त्यांचं समाधान होण्याऐवजी काळजीच वाढली.

पण फिरायची चटक लागली, हे मात्र खरं. पवनारला धाम नदीतल्या खडकावर बसून त्यांनी डबा खाल्ला. केळझरला गणपतीच्या टेकडीवर गेले आणि चपला पिशवीत घालूनच आत शिरले. सेवाग्रामला मातीच्या कुटीसमोर तासभर उभे राहिले. एवढ्या मोठ्या माणसाची खोली, आत तर नेण्यासारखं काहीच नाही! दोन लाकडी खडावा, एक चटई. घरी येऊन किशोरला म्हणाले, "मले वाटते, खरं सामान दुसरीकडं ठेवलं असन." तरी त्या रात्री त्यांना लवकर झोप आली नाही, इतकं ते ठिकाण त्यांच्या मनात भरलं होतं.

डबा सून देई. उज्वला. दर मंगळवारी संध्याकाळी तिचा प्रश्न ठरलेला, "मामाजी, उद्या कुठं?" बुधवारी पहाटे डबा तयार. कधी आलूबोंडे, कधी मेथीचे पराठे, वर लिंबाचं लोणचं, पाण्याची बाटली, ऊन लागू नये म्हणून घडी केलेला दुपट्टा. पहिले दोन-चार महिने पुंडलिकराव खुशीत होते. मग एक दिवस, पराठ्याचा घास तोंडात असतानाच, त्यांच्या मनात आलं, ही एवढी काऊन करून राह्यली?

संशयाला एवढं पुरे होतं.

त्यात गिरडची फेरी झाली. गिरडला टेकडीवर दर्गा आहे, आणि तिथं जायफळासारखे, सुपारीसारखे गोल गोल दगड सापडतात. दर्ग्याजवळ बसलेल्या एका म्हाताऱ्यानं त्यांना त्याची गोष्ट सांगितली. पूर्वी कोणी फिरते व्यापारी या वाटेनं जात होते, त्यांनी या दर्ग्यातल्या बाबांची थट्टा केली, आणि पोती उघडून पाहतात तर सगळा माल दगड! इतर लोक ही गोष्ट ऐकून हात जोडतात. पुंडलिकरावांनी एक दगड उचलला, हुंगला, आणि त्यांना आपल्या दुकानातली पोती आठवली. परतीच्या तिन्ही गाड्यांत त्यांच्या डोक्यात तेवढंच होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गुपचूप माल तपासला. साखर मंगळवारी दोन पोती होती, ती दीड झाली होती. चहापत्ती, साबण, फुटाणे, सगळं खाली गेलेलं. बुधवारी, थंड दिवशी! उलट आठवडी बाजाराच्या दिवशी, जेव्हा खेड्यापाड्यातल्या बायांनी पायरी भरून जायची, तेव्हा अलीकडे दुकानात माशा मारायची पाळी येई. म्हणजे गिऱ्हाईक दिसत नाही आणि माल संपतो. गल्ला पाहिला, तर तो चोख. चोख निघाल्यावर तर त्यांची खात्रीच पटली. एवढा चोख हिशेब कोणीतरी मुद्दाम बसून जुळवल्याशिवाय निघतो का?

आता त्यांना सगळं लख्ख दिसू लागलं. किशोर माल बाहेर काढतोय. कुठंतरी दुसरं दुकान मांडणार, नावही बायकोचं देणार. आणि बापाला दर बुधवारी पराठे देऊन गावाबाहेर घालवतात ते त्यासाठीच! वडिलांनी उभं केलेलं दुकान आपल्या डोळ्यांदेखत, नव्हे, डोळ्यांआड रिकामं होतंय. त्या दिवशी पुंडलिकरावांनी प्रत्येक पोतं दोनदा तोललं. राग तर होताच, पण भीती त्याहून मोठी होती. गादी गेली तर या गावात आपण कोण?

त्यांनी मग सापळा लावला.

"उद्या बोरले जातो," मंगळवारी त्यांनी जाहीर केलं. "तिथलं धरन पाहाचं हाय. वाघ दिसला तं दिसला. यायले उशीर होईन."

"सांभाळून जाजा बाबा," किशोर म्हणाला. उज्वलाचा चेहरा खुलला, असं पुंडलिकरावांना वाटलं, आणि त्यांनी ते मनात टिपून ठेवलं.

बुधवारी ते रीतसर आर्वीच्या गाडीत चढले आणि तळेगावला उतरले. स्टँडसमोरच्या टपरीवर दोन चहा घेतले, वेळ काढला, आणि अकराच्या सुमाराला आष्टीकडे जाणारी गाडी धरली. डोक्यापासून नाकापर्यंत दुपट्टा गुंडाळला आणि मागच्या खिडकीशी अंग चोरून बसले. कंडक्टरनं आधार मागितलं, तेव्हा त्यालाही त्यांनी तोंडातून शब्द न काढता कार्ड दाखवलं.

वाटेत एका फाट्यावर सात-आठ बाया चढल्या. सगळ्यांच्या हातात रिकाम्या पिशव्या. दोघी त्यांच्याच पुढच्या सीटवर येऊन बसल्या. त्यांना ते ओळखत होते. एक धुरपता आणि दुसरी आनंदाबाई, दोघी जुन्या गिऱ्हाईक, भाजी पिकवणाऱ्या घरच्या. बाजाराच्या दिवशी यायच्या त्या, गेल्या वर्षभरात दिसल्या नव्हत्या. दुसऱ्याच दुकानात जात असतील, असं पुंडलिकरावांनी धरून ठेवलं होतं.

"काऊन व, बाजार तं परवा हाय," कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता त्यांची थट्टा केली. "आज कुठं निंगाली पल्टन?"

"साटोणेच्या दुकानात," धुरपता म्हणाली. "आज बुधवार ना. बुढा नसते आज."

खिडकीशी बसलेल्या पुंडलिकरावांनी दुपट्टा आणखी वर ओढला.

"बुढा असला का जीवच घाबरते माहा," आनंदाबाई म्हणाली. "आपन काही घेतलं नसते, तरी घेतल्यावानी वाटते. असा पाह्यते."

"पाह्यते? माह्या नलूची पिशवी पायरीवर उलटी कराले लावली होती त्यानं. लेकीच्या सातव्या महिन्याच्या ओटीचं नारळ घ्याले गेलतो आमी. तिले धड वाकता येत नव्हतं. कपडे, औषधाच्या गोया, सारं पायरीवर सांडलं, अन् बाजारातली मानसं उभी राहून पाहून राह्यली. काही निंघालं नाई, तं म्हनते, उचला आता. तवापासून पोरगी त्या गल्लीनं जात नाई."

"अन् त्याची सून पाहा, उज्वला."

"ते लाखाची हाय. तिनंच सांगतलं, काकू, बुधवारी येत जा, मामाजी फिराले जातेत. आता आमच्या गावातल्या साऱ्या बाया बुधवारीच येतेत." धुरपता हसली. "मी तं रोज देवाले हात जोडतो. म्हनलं, त्या बुढ्याचे पाय धड ठेव. असाच फिरू दे त्याले."

पुढं त्या पोरांबद्दल, भाजीच्या भावाबद्दल बोलत राहिल्या. पुंडलिकराव खिडकीबाहेर बघत होते आणि नलू आठवत होते. ती आठवेना. पायरीवर सांडलेल्या पिशव्या आठवत होत्या. एकीत पोराचे बूट, एकीत माहेरून आणलेलं पापडाचं पुडकं. पण त्या पिशव्यांमागचे चेहरे आठवेनात, इतक्या पिशव्या त्यांनी उलट्या करायला लावल्या होत्या. आणि पंचावन्न वर्षांत चोरीचा माल किती निघाला? एकदा साबणाची वडी निघाली होती, तीही घाईत चुकून पडलेली. पुंडलिकरावांना लाज वाटली. हे त्यांच्या सवयीचं नव्हतं, त्यामुळे आधी त्यांना वाटलं की ऊन लागलंय.

आष्टीला उतरून ते बायांच्या मागं, बऱ्याच अंतरावरून चालत राहिले. दुकानासमोरच्या गल्लीत, एका बंद शटरच्या सावलीला उभे राहिले.

दुकान गच्च भरलं होतं. किशोर साखर तोलत होता. आणि गादीवर उज्वला बसली होती, मांडी घालून, पदर खोचून. तिचा हात गल्ल्यात होता आणि तोंड सारखं चालू होतं. या बाईला मापून देई, त्या बाईला तिच्या सासूचं गुडघ्याचं दुखणं विचारी. एका मुलीला म्हणाली, "फुटाने मागं डब्यात हायेत, तूच घे, किती घेतले ते सांग." मुलगी आत गेली. उज्वलानं मागं वळूनही पाहिलं नाही. मुलीनं बाहेर येऊन सांगितलं, तिनं तेवढे लिहून घेतले. पुंडलिकराव तेवढा वेळ टाचा उंचावून आत बघत राहिले.

म्हणजे संशय खरा होता. आपल्या माघारी कारस्थान चाललं होतं, सून, मुलगा, आणि आजूबाजूच्या चार गावच्या बाया त्यात सामील होत्या. माल बाहेर जात होता. फक्त तो विकला जात होता.

ते सावलीतून निघाले ते थेट पायरीपाशीच. का गेले, हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं. बहुधा भांडायलाच. चेहऱ्यावरचा दुपट्टा खाली केला.

पायरीवरच्या बाया मागं सरकल्या. आनंदाबाईनं हातातली पिशवी आपसूक उघडून पुढं धरली. कोणी न सांगताच. बाकीच्या बायांचेही हात आपापल्या पिशव्यांकडे गेले.

"बाबा," किशोर चाचरत म्हणाला, "तुमी तं बोरले गेलते..."

उज्वला गादीवरून उठली. अर्धवट उठली, एक पाय खाली, एक गादीवर, पदर डोक्यावर ओढायची घाई, आणि चेहरा पांढराफटक. मार खायची वेळ आल्यावर मूल बघतं, तसं ती त्यांच्याकडे बघत होती. आपल्याच घरातली ही पोर. दोन वर्षं पहाटे उठून डबा देणारी.

पुंडलिकरावांनी आनंदाबाईच्या उघड्या पिशवीकडे पाहिलं, आणि नजर वळवली.

"बस," ते सुनेला म्हणाले.

ती बसेना. समजलंच नव्हतं तिला.

"बस म्हनलं ना, उज्वला. मी आजून आलोच नाई. माही गाडी संध्याकाळी येते."

एवढं बोलून ते वळले आणि स्टँडवर गेले. बाकड्यावर बसून डबा उघडला, पराठे खाल्ले, आणि मग दिवसभर नुसतेच येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या पाट्या वाचत राहिले. संध्याकाळी आर्वीहून येणारी गाडी लागली, तेव्हा उतरणाऱ्या माणसांच्या घोळक्यात शिरून ते त्यांच्यासोबत घराकडे निघाले.